कॉर्डलेसवरचं बोलणं कोण ऐकतं?

प्रश्न : घरच्या कॉर्डलेस फोनवरचं बोलणं शेजारी ऐकू शकतात का? आमच्या फोनवर ‘डेक्ट’ असं छापलंय.

उत्तर : फोन जुना, लांब एरियलचा, ४६/४९ मेगाहर्ट्झचा असता तर ‘हो, अगदी सहज’ असंच सांगितलं असतं. त्याचा आवाज साध्या एफएम लहरींवर जातो. रेडिओलहरी शोधून ऐकवणारा स्कॅनर तर सोडाच, शेजारच्या बाळाच्या खोलीतला मॉनिटरही कधीकधी तो पकडायचा. असा फोन भंगारातच द्या.

डेक्ट हे कॉर्डलेस फोनचं डिजिटल तंत्र, पण डिजिटल म्हणजे कुलूपबंद नव्हे! २००८मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लॅपटॉपमध्ये बसणारं स्वस्त कार्ड वापरून डेक्टवरची संभाषणं टिपून दाखवली. कारण साधं होतं : कित्येक फोन एन्क्रिप्शन (बोलणं सांकेतिक करून पाठवणं) वापरतच नव्हते, आणि बेस (तारेला जोडलेला भाग) खरा आहे की तोतया, हेही तपासत नव्हते. त्यामुळे माहितीपुस्तिकेत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का, ते बघा. मेनूत तसा पर्याय असेल तर चालू करा. रिपीटर (फोनचा पल्ला वाढवणारं यंत्र) जोडल्यावर काही मॉडेलांत तो बंद पडतो. बेसचा ०००० हा पिनही बदला.

एवढं करूनही संरक्षण फक्त हॅण्डसेट ते बेस, पुढच्या तारेला नाही. बँकेच्या कार्डाचा नंबर सांगायचा असेल तर निदान हवेतून जाणारा टप्पा टाळायला वायरवाला फोन बरा.