घरात माझं कोणी ऐकूनच घेत नाही

शिकून गावी परतलेली मुलं-मुली आणि नव्या सुना समुपदेशनात ही तक्रार हमखास घेऊन येतात. रावेर तालुक्यातला चोवीस वर्षांचा एक तरुण (ओळख बदलली आहे) तीच घेऊन आला. दोन एकरांत कंदाऐवजी टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची केळी लावायची, वडील, म्हणजे आप्पा, नाही म्हणतात, आणि बोलणं दर वेळी भांडणावर जातं.

आप्पांशी बोलतोस तसंच बोलून दाखव, असं त्याला सांगितलं. "आप्पा, जग कुठं चाललंय आणि आपण अजून कंदच लावतोय. सगळं गाव रोपं लावतंय!" यात आप्पांच्या शेताबद्दल एक शब्द नाही, त्यांना मागास ठरवणं मात्र आहे. मग तेही केळीबद्दल बोलत नाहीत, आपला मान सांभाळत बसतात.

न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं खोडण्यासाठी वितंडा. इथे मुलगा जल्पावर होता, आप्पा वितंडेवर. वादात आधी प्रतिज्ञा, म्हणजे आपलं म्हणणं, येते: अर्ध्या एकरात रोपं लावून बघू. मग हेतू, म्हणजे त्याचं कारण: रोपं एका वयाची, त्यामुळे घड जवळपास एकाच वेळी कापणीला येतात. तिसरं उदाहरण, आणि ते दोघांनाही मान्य असावं लागतं. घोडं इथेच अडलं होतं. मुलाचं उदाहरण मोबाइलवरच्या व्हिडिओतलं. आप्पांचं भाऊबंदाच्या मृगबागेतलं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या रोपांच्या बागेतलं: सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, झाडं उपटली, रोपांचा पैसा दुसऱ्यांदा गेला. मुलाला हे ठाऊक होतं. "ते काढलं तर आप्पा जास्तच अडतील," म्हणून तो विषय टाळत होता.

तोच विषय त्याने स्वतः आधी काढावा, असं ठरलं. आप्पांना माहीत असलेली गोष्ट लपवली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. शिवाय पैसा त्यांचा आहे. धोका झाकून मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. "नाहीतर मी पुण्याला जातो" हे वाक्यही काढून टाकलं, कारण त्याने केळीचा निर्णय मुलगा जाण्याच्या भीतीवर होतो.

भाव पडल्याच्या संध्याकाळी विषय काढायचा नाही. सकाळी, शेतात, पहिला प्रश्न: "त्या बागेत नेमकं काय झालं होतं?" पूर्ण ऐकायचं, मग आपल्या शब्दांत परत सांगायचं, आप्पा "हां, हेच" म्हणेपर्यंत. त्यानंतर कागद. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ रोपं बसतात, म्हणजे अर्ध्या एकराला ८७१. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा, भरायला दहा टक्के जास्त धरली तर साधारण ९५८. त्याला रोपाच्या दराने गुणायचं. खाली रोगाचं स्पष्ट लिहायचं: लागण झालेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही, ते उपटावंच लागतं, रोग मावा पसरवतो, काकडी-भोपळ्याचं पीक जवळ नको. दर आठवड्याला प्रत्येक झाड बघायचं काम कोणाचं? तिथे मुलाने स्वतःचं नाव लिहिलं.

आप्पांनी लगेच होकार दिला नाही. "कांदेबागेला बघू, पण रोपवाटिका मी आधी पाहीन," म्हणाले. कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतरची लागवड. मुलगा हिरमुसला, पण ही अट रास्त आहे. रोपं पाहून आल्यावरही नकार आला, तर त्याने तो ऐकून घ्यायचा आणि कारण विचारायचं.