पंचशील म्हणतो, तरी घरात तोंड सुटतं

"रविवारी विहारात पंचशील म्हणतो आणि सोमवारी मुलाला वाट्टेल ते बोलतो. मी ढोंगीच ना?" डेपोत नोकरी करणारे, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लाजेपोटी दोन महिने त्यांनी विहाराची पायरी चढली नव्हती.

आधी पंचशीलाचे पाली शब्दच नीट पाहिले. 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' म्हणजे दूर राहण्याचा शिक्षणनियम मी स्वीकारतो. ही आज्ञा नाही, आणि शिकणारा चुकतोच. शिवाय चौथं शील खोटं बोलण्याबद्दल आहे. यांची अडचण होती फरुसा वाचा, कठोर बोलणं. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, ती वेगळी मोजली आहे. राहिलं रात्रभर स्वतःला कोसत बसणं. त्याला पालीत कुक्कुच्च म्हणतात, आणि त्याची गणना पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या पाच अडसरांत होते! म्हणजे ते पुण्य नव्हे, अडथळा.

मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या ६१व्या सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, आरशाचा दाखला देतात: कृतीआधी, कृती करताना आणि केल्यावर पाहा, यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का. त्यावरून वहीत तीन रकाने आखले. पहिला आठवडा मात्र फक्त 'केल्यावर'चा. थेट 'आधी'पासून सुरुवात केली की वही तिसऱ्या दिवशी बंद पडते, कारण राग चढतोय हे ओळखायचीच सवय नसते. नोंद दोन ओळींची: वेळ, तोंडून गेलेले नेमके शब्द, पोटात काय होतं.

शेवटचा प्रश्न त्यांना विचित्र वाटला. पण सातपैकी पाच नोंदी संध्याकाळी साडेसात ते आठच्या निघाल्या. दुपारी साडेबाराच्या डब्यानंतर पोटात काही नाही, आणि दारातून आत येताच मुलाच्या हातात मोबाइल. मग डेपोतून निघतानाच मूठभर शेंगदाणे, आणि घरी चहा होईपर्यंत अभ्यासाचा विषय बंद.

कायेने-वाचेने चूक झाली तर जाणत्यापुढे ती उघड करावी, असंही त्या सुत्तात आहे. घरात आम्ही हा जाणत्याचा मान ज्याला टाकून बोललो त्यालाच देतो. एकच वाक्य: "मघाशी मी तुला गाढव म्हणालो, ते चुकलं." त्यापुढे 'पण तूही' आलं की माफी संपली, भांडण सुरू. पहिल्या दोन वेळा त्यांचं तेच झालं.

मारहाण होत असेल तर वहीवर थांबू नये. त्याला वेगळी मदत लागते.

चौथ्या आठवड्यात 'करताना'च्या रकान्यात पहिली नोंद आली: "वाक्य अर्ध्यावर सोडलं. पाणी प्यायलो."