दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नका

प्रश्न : आम्ही दांडेकर पुलाजवळ राहतो. मी चार घरचा स्वयंपाक करते. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. गणपतीत मित्राचा कोयता हातात धरून त्याने रील टाकलं. पोलिसांनी उचललं, येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे नेलं, माझ्या हमीवर घरी सोडलं. आता शाळा म्हणते, दाखला घेऊन जा, बाकीची पोरं बिघडतील. माझा भाऊ म्हणतो, गॅरेजला लावू. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, आधी एवढंच करा : दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नका. शाळा तो तुमच्याच हाताने लिहून घेते आणि रजिस्टरात 'पालकांच्या विनंतीवरून' अशी नोंद होते. मला माहीत आहे, कारण मीही तसे अर्ज घेतलेत. सायकल चोरली म्हणून नववीतल्या एका पोराचा दाखला दिला, त्यावर वर्गशिक्षिका म्हणून सही माझी. पुढे दोनेक महिने तो मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा, दोस्त आत होते ना. मग येईनासा झाला. टपरीवर दिवसभर रिकामी असणारी मोठी पोरं त्याला भेटली होती.

शाळेत गेलं की पोरगं सुधारतं, असं मी म्हणणार नाही. तुमचा शाळेत असतानाच कोयता धरून उभा राहिला. पण एक तपासा. मराठीचं पुस्तक उघडून त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगा, तीन अंकी भागाकार घाला. वरच्या वर्गात ढकलत आणलेली कितीतरी पोरं नववीत पहिल्यांदा उघडी पडतात. वर्गात 'ढ' आणि गल्लीत 'भाई', यातलं काय निवडतील? अडखळला तर ओरडू नका. अर्धं दुखणं तिथेच आहे.

आता कायदा. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेतून काढायला मनाई आहे, पण आठवीपर्यंतच. नववीला ते कवच नाही, आणि काढतात ती नेमकी नववीतच. म्हणून बाल न्याय मंडळाचा आधार घ्या. तिथले परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, अशा मुलांवर देखरेख ठेवणारे) तुमच्या घरची चौकशी करून अहवाल देतील. त्यांना शाळेचं सगळं सांगा. बाल न्याय कायद्याखाली (२०१५) 'शाळेत जात राहा' असा आदेशही मंडळ देऊ शकतं. शाळा तरीही अडली, तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. पोच विसरू नका.

भावाला सांगा, गॅरेज सुट्टीत बघू. नाव टिकलंच नाही, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते, पण ते शेवटी.

आणि फोन लगेच हिसकावू नका. त्याच्या शेजारी बसून त्या रीलखाली 'भाई, भाई' लिहिणारे कोण आहेत, ते त्यालाच एकेक करून सांगायला लावा.