कोल्हापुरातली सायकल राइड: रंकाळा-जोतिबा-वाघबीळ, पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी
भावा, पहिलाच चढ जोतिबाचा धरलायस ते भारीच, पण रविवारी नको, देवाचा वार असतोय, गाड्यांची रांग लागते आणि वळणावर एकदा पाय टेकला की चढावर परत निघणं लय अवघड. पहाटे रंकाळ्याला एक राउंड मार, पाण्यावरचा गार वारा खा, पाय मोकळे होऊ देत, मग शिवाजी पूल करून केर्ली. इथंवर सपाट आहे म्हणून सगळे ताणतात, तू ताणू नको.

केर्लीतून उजवीकडं वळलास की घाट लागायच्या आधीच पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) टाक, कारण चढावर जोर लावून गिअर बदललास तर चेन खडखड करत खाली पडते, मग हात काळे आणि दम गेलेला. मागं 32 दात्यांचा गिअर असेल तर बरं. बसूनच चढव, शेजारच्याशी बोलता येईल एवढाच दम लागू दे.

वाघबीळकडं उतरताना ब्रेक दाबूनच ठेवू नको, वळणाआधी दाब, वळणात सोड. आणि सीझनमध्ये उसाच्या ट्रॉलीमागं अजिबात चिकटायचं नाही, माझ्या पुढ्यात एकदा आख्खी मोळी सुटून रस्त्यावर आलेली, थोडक्यात वाचलो. पाय शाबूत असतील तर वाघबीळवरून पन्हाळा पण कर, नसतील तर सरळ घरी ये.