तो गेम खेळत नाही, गेमवरून भांडतो

"मॅडम, खेळत बसला तर एक वेळ समजू शकते. हा रात्रभर गेमवरून अनोळखी लोकांशी भांडतो." गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या पालकांनी ही तक्रार केली, की त्यावर लिहावंसं वाटलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यातल्याच एका आईला भीती होती व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ते २०२२पासून लागू झालं. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, हे साधारणपणे १२ महिने तरी दिसावं लागतं. हा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळायचा दीड तास आणि भांडायचा चार तास. म्हणून मी खेळण्याला हातच लावला नाही.

भांडण होतं 'सेकिरो'वरून. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा २०१९चा गेम अतिशय अवघड, आणि त्यात सोपी पातळी निवडायची सोयच नाही. ती असावी की नसावी, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. कुणी अडल्याचं सांगितलं की एका तटाचं ठरलेलं उत्तर येतं: 'गिट गुड', म्हणजे आधी नीट खेळायला शीक. आमचा मुलगा या तटाचा बिनीचा शिलेदार.

पहिली तीन सत्रं मी त्याच्याकडून गेम समजून घेतला. मुलं आपल्याला काही शिकवू लागली की मोकळी होतात, हा माझा अनुभव आहे. चौथ्या वेळी विचारलं, "ईझी मोड आला तर तुझं काय जाईल?"

"मग मी केलं त्याला किंमत काय राहिली?" आणि जरा वेळाने, हळूच, "दुसरं आहे काय माझ्याकडे?"

प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. बरोबरचे सगळे पुढे गेले होते.

"गेममध्ये सगळ्यात जास्त कुणी छळलं?"

"शेवटच्या बॉसने. इशिन." (बॉस म्हणजे पुढे जाण्यासाठी हरवावाच लागणारा तगडा शत्रू.)

"किती वेळा मेलास?"

"ऐंशी-नव्वद वेळा."

"पन्नासाव्यांदा मेलास तेव्हा स्वतःला काय म्हणालास?"

त्याला प्रश्नच कळेना. "काय म्हणणार? त्याच्या भाल्याचा वार कधी येतो ते बघत होतो."

"मी नालायक आहे, असं नाही वाटलं?"

"त्यात नालायक काय? शिकत होतो ना."

"आणि परीक्षेत..." एवढंच म्हणून मी थांबले. असं वाक्य पूर्ण करायचा मोह फार होतो. तो आवरायला मला बरीच वर्षं लागली.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ते वेगळं आहे," म्हणाला. मग पुष्कळ वेळाने, "पण वेगळं का आहे?" हे त्याने मला विचारलं नव्हतं.

माझी सगळी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. कृतीचं मोजमाप करा, माणसाचं करू नका, हे त्यांचं सांगणं. हा मुलगा गेमच्या आत रोज तेच करत होता. बाहेर मात्र 'सेकिरो पूर्ण करणारा' एवढीच ओळख त्याने स्वतःला ठेवली होती. तिला कुणी हात लावला की तो तुटून पडे.

म्हणून पालकांना सांगते, इंटरनेट तोडू नका; ज्या एका ठिकाणी त्याला कुणी ओळखतं, तेच तुम्ही काढून घेता. 'साध्या गेमवरून एवढं काय' असंही म्हणू नका. आज कुणाशी, कशावरून वाजलं, ते विचारा आणि पूर्ण ऐका. शिवीगाळ, धमक्या मात्र चालणार नाहीत, हे ठामपणे सांगा. मत असण्याला हरकत नाही. त्याला मी एकच सवय लावली: उत्तर पाठवण्याआधी 'असता कामा नये' खोडून 'मला नसावं असं वाटतं' लिहायचं. पहिल्या आठवड्यात त्याने निम्मी उत्तरं पाठवलीच नाहीत, कारण बदलल्यावर त्यात भांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नंतर एकदा तोच 'सेलेस्ट'बद्दल बोलला. २०१८चा हा कठीण गेम, पण त्यात वेग कमी करायची, अगदी न मरता खेळायचीही सोय आहे. "मी ती वापरली नाही," म्हणाला. "पण दुसऱ्याने वापरली म्हणून माझं काही कमी झालं नाही."

ईझी मोड नसावा, असं त्याला आजही वाटतं. परीक्षेचा फॉर्म त्याने पुन्हा भरला आहे. शेवटच्या सत्रात त्याने फोन पुढे केला. इशिनपाशी अडलेल्या कुणाला तरी त्याने लिहिलं होतं: "मागे सरकू नकोस. तू लांब गेलास की त्याचा तोल पुन्हा सावरतो. जवळ राहून वार अडवत राहा. मला नव्वद वेळा लागल्या."