छोटी गाडी बदलताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे 2011 ची जुनी अल्टो आहे. 1 लाख 12 हजार किलोमीटर झाले, यंदा नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. घरात आम्ही दोघं, आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. महिन्याचं रनिंग सातशे किलोमीटर. महिन्यातून दोनदा यवतमाळ, बाकी वावर, बाजार, सोयरेधायरे. वावरात जायला दीड किलोमीटर पांदण आहे. साडेसात लाख ऑनरोडमध्ये वॅगन आर, टियागो आणि ग्रँड आय10 निओस पाहून आलो. तिन्हीकडे सेल्समन मायलेजच सांगतो. पैसा वसूल कोणती? सीएनजी घ्यावी का?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचं रनिंग कमी आहे, म्हणून मायलेजपेक्षा गाडीची किंमत किती उतरते ते आधी बघा. वर्षाला 8,400 किलोमीटर म्हणजे आठ वर्षांत 67,200. समजा एक गाडी ऑनरोड 6.80 लाखांना पडली आणि आठ वर्षांनी 2.70 लाखांना गेली, तर 4.10 लाख उतरले, म्हणजे किलोमीटरला 6 रुपये 10 पैसे. दुसरी 6.50 लाखांना मिळाली पण 1.90 लाखांनाच गेली, तर 4.60 लाख उतरले, किलोमीटरला 6 रुपये 85 पैसे. घेताना तीस हजारांनी स्वस्त असलेली गाडी शेवटी पन्नास हजारांनी महाग पडली. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या भागात सात-आठ वर्षं जुनी तीच गाडी कितीला जाते ते दोन-तीन एजंटांना विचारा आणि ते आकडे इथे घाला.

आता पेट्रोल. लिटरला 105 रुपये आणि प्रत्यक्ष 18 चं मायलेज धरलं तर किलोमीटरला 5 रुपये 83 पैसे पडतात. एखादी गाडी 20 देत असेल तर 5 रुपये 25 पैसे. दोन किलोमीटरच्या या फरकाचे वर्षाला तुमचे 4,900 रुपये होतात. वरच्या उदाहरणातला पन्नास हजारांचा फरक आठ वर्षांवर वाटला तर वर्षाला 6,250 येतो. म्हणून सेल्समनने मायलेजचा पाढा म्हटला की त्याला रिसेलचं विचारा.

सीएनजीचा हिशेब जरा बारकाईने करावा लागतो. कागदावर वॅगन आर सीएनजी किलोला 34.05 किलोमीटर देते. आपल्या रस्त्यांवर एसी लावून 26 धरा. गॅस 90 रुपये किलो असेल तर किलोमीटरला 3 रुपये 46 पैसे, म्हणजे पेट्रोलपेक्षा 2 रुपये 37 पैसे वाचतात. सगळं रनिंग गॅसवर झालं तर वर्षाला जेमतेम वीस हजार वाचतील. सीएनजी मॉडेलला रोड टॅक्स थोडा कमी लागतो, तो वजा करूनही ऑनरोड फरक 85,000 च्या आसपास धरा. तो सव्वाचार वर्षांत निघतो. पण गावाजवळ पंप नसेल आणि फक्त यवतमाळच्या दोन फेऱ्यांत गॅस भरणार असाल, तर गणित बदलतं. टाकी 60 लिटर पाण्याच्या मापाची असली तरी तिच्यात आठेक किलो गॅस बसतो, आणि पंपावर प्रेशर कमी असेल तर सहाच. दोन वेळा भरून 16 किलो, त्यावर 416 किलोमीटर. उरलेले पेट्रोलवरच जातात. वर्षाची बचत 11,800 वर येते आणि फरक निघायला सात वर्षांहून जास्त लागतात. डिकी जाते ती वेगळीच, शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी. भावाचाही भरवसा नाही. नागपुरात 2022 मध्ये सीएनजी किलोला 120 रुपयांपर्यंत गेला होता. घरापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत पंप असेल किंवा महिन्याचं रनिंग दीड हजारावर असेल तरच सीएनजी घ्या. तुमच्यासाठी पेट्रोल.

आता तीन गाड्या. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर वॅगन आरची उंच सीट खरंच कामाची आहे, वाकून बसावं लागत नाही. डिकी 341 लिटरची, या तिघांत सगळ्यात मोठी. मात्र गाडी रुंदीला कमी, त्यामुळे मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो. टियागो आणि निओस त्या मानाने रुंद. निओसला बेस मॉडेल सोडून मागच्या सीटसाठी एसी व्हेंट मिळतात, बाकी दोघींना नाहीत. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा फरक लगेच कळतो. एसी तपासायचा तर सकाळी दहाला टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. दुपारी दोनला, तासभर उन्हात उभी ठेवलेली गाडी मागा, पाच जण बसा आणि मागच्या सीटवर किती मिनिटांत गार होतं ते बघा.

पांदणीसाठी ग्राउंड क्लिअरन्स बघायचा, पण कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. या तिन्ही गाड्या 165 ते 170 मिलिमीटरच्या आत-बाहेर आहेत. पाच माणसं बसली की त्यातले तीन-चार सेंटिमीटर जातात. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, मधला उंचवटा ऑइल चेंबरला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला घासतो. पांदणीत फीत घेऊन जा आणि चाकोरीच्या तळापासून मधल्या उंचवट्याची उंची मोजा. ती तेरा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर या तिघींपैकी एकही गाडी वावरापर्यंत नेऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीत तर कुठलीच छोटी गाडी जात नाही. चिखल चाकाच्या आतल्या बाजूला बसून वाळतो, एक्सलचं रबरी बूट फाटतं, ग्रीस निघून माती आत शिरते आणि पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टकटक आवाज सुरू होतो. पांदणीतून रोज जाणं असेल तर रेनॉची क्विड (184 मिलिमीटर) किंवा टाटाची पंच (187) बघावी लागेल. पंचसाठी बजेट ताणावं लागेल.

सुरक्षेबाबत स्टारची तुलना सरळ होत नाही. टियागोला ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेचे 4 स्टार 2020 मध्ये मिळाले, निओसला त्याच वर्षी 2. वॅगन आरला 2023 मध्ये 1 स्टार मिळाला, पण तोवर, 2022 च्या जुलैपासून, चाचणी कडक झाली होती. जुन्या नियमांतले चार आणि नव्या नियमांतला एक एका तराजूत घालता येत नाहीत. वॅगन आरला 2025 पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आल्या, तरी गाडीचा सांगाडा तोच आहे. रात्री हायवेने नेहमी जाणं असेल तर आमचं मत टियागोकडे झुकतं.

तुमचं रनिंग बहुतेक दिवसाचं आणि गावच्या आसपासचं दिसतं. म्हणून आमची पसंती वॅगन आर 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल. 1.0 लिटरचं इंजिन घेऊ नका. पाच माणसं, एसी आणि घाट हे तिन्ही एकत्र आले की ते इंजिन दमतं, आणि कागदावरच्या मायलेजमध्ये फरक एका किलोमीटरचाही नाही (24.35 आणि 23.56). 1.2 ला चाकंही 13 ऐवजी 14 इंची मिळतात, खड्ड्यांत त्याचा उपयोग होतो. मारुतीचे सुटे भाग आणि ते बसवणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावात मिळतो. दुसरी कुठलीही गाडी घेण्याआधी तिच्या समोरच्या बंपर, हेडलाइट, एसी कंडेन्सर आणि रेडिएटरचे भाव लेखी घ्या. आपल्याकडे रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) आडवा आला की आधी हेच चार भाग जातात. झिरो डेप विमा, म्हणजे ज्यात भागांची घसारा-कपात होत नाही तो, याचसाठी घ्यायचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात.

जुनी अल्टो ठेवायची झाली तर नोंदणी नूतनीकरणाची फी 5,000 रुपये, वर पर्यावरण कर आणि आरटीओत पासिंग. मिळते पाच वर्षांची मुदत. इंजिन धूर टाकत नसेल आणि खालचा पत्रा गंजलेला नसेल तर वावरासाठी ती ठेवणं वाईट नाही. नवी गाडी पांदणीतून वाचेल.

प्रश्न : नवीन घेणं जमत नाही. साडेतीन लाखांत नागपूरहून पाच-सहा वर्षं जुनी गाडी आणायची आहे. मेकॅनिकला सोबत नेतो, पण आम्ही स्वतः काय बघावं?
(एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : सगळ्यात आधी इंजिन थंड असताना जा, आणि विकणाऱ्याला "आधीच सुरू करून ठेवू नका" म्हणून सांगा. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडा. आत हिरवा किंवा लाल कूलंट हवा. तांबूस, गंजलेलं पाणी दिसलं तर मालकाने कूलंटऐवजी साधं पाणी वापरलं आहे. विदर्भात आणखी एक वाईट सवय आहे : गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी-बंद करणारी झडप) काढूनच टाकतात. मग इंजिन कधी पुरतं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि रेडिएटर, पंखा किंवा हेड गॅस्केटचा मूळ दोष झाकला जातो. दहा किलोमीटर चालवूनही टेंपरेचरचा काटा खालीच राहिला, किंवा काटा नसलेल्या गाडीत थंड इंजिनाचा निळा दिवा विझलाच नाही, तर ती गाडी सोडा.

क्लच तपासायला मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. इंजिन फिरत राहिलं तर प्लेट गेलेली आहे. ही चाचणी एकदाच करायची. टायरवर छापलेल्या डीओटी कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चारही टायर सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही दिसो, किमतीतून नव्या टायरचे पैसे वजा करा. कार्पेट उचलून खालची फोम दाबा, ओल किंवा बारीक गाळ असेल तर गाडी पाण्यात होती. बॉनेटखाली वायरांना जागोजागी काळी टेप असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या असतात. कापूस आणि धान्य साठवलेल्या घरात हे नेहमीचं, पण असा दोष पुढे अधूनमधून डोकं वर काढतो.

मीटरवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसच्या नोंदी काढून घ्या आणि शेवटच्या नोंदीचे किलोमीटर मीटरशी ताडा. आरसी बुकात बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान बाकी आहे का तेही त्याच दिवशी बघा.

आणि कर्ज. जुन्या गाडीला फायनान्सवाला "फक्त सहा टक्के" म्हणाला तर तो फ्लॅट दर आहे का ते विचारा, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लागतं का. पाच लाखांवर पाच वर्षं 6 टक्के फ्लॅट म्हणजे दीड लाख व्याज आणि 10,833 चा हप्ता. बँकेच्या घटत्या शिलकीच्या दराने मोजलं तर तो 10.8 टक्क्यांच्या घरात जातो. तुलना नेहमी घटत्या दराशीच करा.

प्रश्न : शोरूमवाला आमच्या 2016 च्या गाडीचे एक लाख नव्वद देतो, बाहेरचा गिऱ्हाईक सव्वादोन. कोणाला द्यावी?
(एक वाचक, वरुड, जि. अमरावती)

उत्तर : शोरूमकडून दोन लेखी कोटेशन मागा, एक एक्स्चेंजसह आणि एक त्याशिवाय. कंपनीचा एक्स्चेंज बोनस जुन्या गाडीच्या किमतीत मिसळून सांगतात. एक लाख नव्वदमध्ये तो धरलेला असेल तर तुमच्या गाडीचा खरा भाव त्याहून कमी लावला आहे. बोनस वेगळा मिळून बेरीज सव्वादोनच्या जवळ जात असेल तर शोरूमला द्या, डोक्याचा ताप वाचतो.

बाहेर दिली तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून गाडी सोडू नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच असता, आणि अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्याच घरी येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. तुमची गाडी एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवलेली हवी, नाहीतर नाव बदलायचं काम अडेल.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, आणि कोटेशनमधला "हँडलिंग चार्ज" द्यायला साफ नकार द्या.

प्रश्न : इ20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे जुनी गाडी लवकर बदलावी का?
(एक वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : एवढ्या एका कारणासाठी नको. इ20 साठी बनवलेल्या नसलेल्या गाड्यांचं मायलेज 3 ते 6 टक्क्यांनी घटू शकतं, असं केंद्र सरकारनेच सांगितलं आहे. 18 देणारी गाडी सतराच्या आसपास येईल. जास्त लक्ष रबराकडे द्या. बॉनेटखालचे पेट्रोलचे पाइप दर सर्व्हिसला बोटांनी दाबून बघा, कडक झालेले किंवा भेगा पडलेले बदलून घ्या. गाडी पावसाळ्यात तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढतं. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी अडखळू लागली तर आधी फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर तपासायला सांगा. इंजेक्टर बदलण्याच्या खर्चाला त्यानंतरच हो म्हणा.