खरेदीखत 'रद्दबातल' आहे म्हणजे नेमकं काय? तरी दावा लावावा लागतो का?

तुम्ही विचारलंय, वकील म्हणतात खत रद्दबातल आहे, मग कोर्टात कशाला जायचं? हाच प्रश्न आमच्या दाजींनी वीस वर्षांपूर्वी विचारला होता, म्हणून लिहायला बसलो.

रद्द आणि बातल, दोन्ही शब्द अरबीतून आलेले, दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. जोडून म्हटले की जोर येतो आणि माणसाला वाटतं कागद आपोआप जळाला. तसलं काही होत नाही.

आजोबांनी तासगावकडची स्वकष्टाची 22 गुंठे मृत्युपत्रानं माझ्या नावावर केली. सातबाऱ्यावर माझं नाव, पुढं 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान (अठराच्या आतल्या) मुलाची पालनकर्ती आई. वडील आधीच गेलेले. 1994 साली, मी नऊ वर्षांचा असताना, चुलत्यांनी आईकडून खरेदीखत करून घेतलं. कोर्टाची परवानगी नाही, काही नाही. वर्षभरात तिथं द्राक्षबाग उभी राहिली.

मी अठरा ओलांडल्यावर दाजी म्हणाले, "परवानगीच नाही म्हणजे खत रद्दबातल. मेलेल्याला परत कशाला मारायचं?" मला पटलं. वकिलाची फी वाचली याचा आनंदच झाला. 2008 ला तलाठ्यानं नोंद बदलायला नकार दिला तेव्हा कुठं वकील गाठला. त्यांनी खत उघडायच्या आधी जन्मतारीख विचारली आणि चष्मा काढून ठेवला.

कारण अज्ञान मुलानं स्वतः केलेला करार मुळातच शून्य असतो, हे 1903 सालीच प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ठरवून ठेवलंय. पण पालकानं परवानगीशिवाय विकलं, तर हिंदूंच्या अज्ञान मुलांच्या पालकत्वाबद्दलच्या 1956 च्या कायद्याच्या कलम 8 नुसार ते खत मुलानं नाकारलं तरच पडतं. तोवर चालू. दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. माझी 2006 लाच संपली होती. 'रद्दबातल' आणि 'रद्द करता येण्याजोगं' यातलं अंतर म्हणजे माझे 22 गुंठे.

तेव्हा वकिलांना एवढंच विचारा : मुळात शून्य, की नाकारल्यावर शून्य? आणि मुदत कधी संपते? मुळात शून्य असलं तरी कोर्टाकडून तसं जाहीर करून घ्या. फेरफार नुसत्या बोलण्यावर होत नाही. नातेवाइकांना विचारू नका, दाजींना तर मुळीच नाही.

हे सगळं सांगितलं ते मुलाच्या स्वतंत्र मिळकतीचं. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला कलम 8 लागत नाही. तुमची जमीन कसली आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि हो, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की सज्ञान झाल्यावर दावा न लावता स्पष्ट वागणुकीतूनही असा व्यवहार नाकारता येतो. दाजींनी तो निकाल मला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली अंगठा. पण तेही मुदतीतच, दाजी. आणि त्या तीन वर्षांत माझी वागणूक काय होती? दर फेब्रुवारीला चुलत्यांकडून द्राक्षाची पेटी घेऊन येत होतो.